वापरलेली इलेक्ट्रिक गिटार (मुंबई): भाव कसा धरायचा, काय तपासायचं, विकताना किती सुटतात

मधला_पिकअप (धागाकर्ता)

वापरलेली इलेक्ट्रिक घ्यायची आहे. बजेट ३५ हजार, त्यावर एक रुपया नाही. अँप आणि केबल आहेत, त्यामुळे सगळे पैसे गिटारीलाच. दोन-तीन वर्षांनी विकून वरची घ्यायचा विचार आहे, म्हणजे तेव्हा हात किती पोळेल तेही आत्ताच बघायचंय. सध्या या चार जाहिराती दिसताहेत:

यामाहा पॅसिफिका ११२व्ही, मुलुंड, २२ हजार.
स्क्वायर क्लासिक व्हाइब फिफ्टीज स्ट्रॅट, बोरिवली, ३६ हजार, "थोडंफार कमी होईल".
आयबानेझ आरजी, डबल लॉकिंग ट्रेमोलोवाली (दांडीने हलणारा ब्रिज, तारा दोन्ही टोकांना स्क्रूने आवळलेल्या), वाशी, ३० हजार, "डिमार्झिओ पिकअप टाकलेत, नुसते पिकअपच १५ हजारांचे".
एपिफोन लेस पॉल स्टँडर्ड, ठाणे, २८ हजार, "हेडस्टॉकजवळ (नेकच्या वरच्या टोकाला, ट्यूनर असतात तिथे) बारीक रेष आहे, आवाजात काही फरक नाही".

वाजवायचं म्हणजे ब्लूज, क्लासिक रॉक आणि ऑर्केस्ट्रात पुढ्यात येईल ते. जाणकारांनी सांगावं.

जुनी_तार

आधी भावाचं, कारण निम्मे लोक इथेच गंडतात. विकणारा हमखास म्हणणार, "मी ४८ला घेतली होती" किंवा "एमआरपी ५२ आहे". दोन्ही आकडे कानाआड करा. त्याच मॉडेलची नवी गिटार आज प्रत्यक्षात कितीला पडते तो आकडा पाया म्हणून धरायचा. धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये विचारा, बजाओच्या साइटवर बघा, सेल चालू असेल तर सेलचा भाव धरा. विकणाऱ्याची स्पर्धा त्या भावाशी आहे, त्याच्या जुन्या बिलाशी नाही.

माझ्या मते त्या भावाच्या ६० ते ६५ टक्के हा स्वच्छ, काहीही काम न निघणाऱ्या गिटारीचा रास्त दर. ७० द्यायचे तर बिल, शिल्लक वॉरंटी, हार्डकेस असं काहीतरी सोबत हवं. पहिल्या मालकाने आयात शुल्क आणि जीएसटी भरलेला असतो आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडून सुटत नाही. मोठी घसरण तिथेच होते, पुढे भाव संथपणे उतरतो. म्हणून दुसऱ्या मालकाचं नुकसान सगळ्यात कमी, पण त्याने घेताना भाव बरोबर पाडला असेल तरच. मधल्या काळात नव्या गिटारी महागल्या तर रुपयांत आकडा जवळपास तोच परत येतो. त्याला नफा म्हणू नका, तेवढ्या पैशांत तेव्हा येणारी गिटार खालच्या पायरीची असते.

मग कामं वजा करायची. धरा, नवी ४४ हजारांना आहे. ६५ टक्के म्हणजे २८,६००. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून लेव्हल करून घ्यायला ४,०००, सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) आणि तारा १,५००, एक पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग) ६०० धरा. राहिले २२,५००. मजुरीचे दर प्रत्येक कारागिराचे वेगळे, म्हणून आधी फोन करून विचारून ठेवा आणि तेच आकडे विकणाऱ्यासमोर मांडा. "भाऊ, जरा कमी करा" म्हटल्याने पाचशे सुटतात, कामांची यादी दाखवली की पाच हजार.

चारपैकी माझा क्रम: पॅसिफिका, मग क्लासिक व्हाइब ३० पर्यंत उतरली तर. उरलेल्या दोनवर इतर लोक लिहितीलच.

ओव्हरड्राइव्ह_बंद

अनुमोदन, पण टक्केवारी सरसकट लावू नका. विकताना गिऱ्हाइकं किती येतात त्यावर सगळा खेळ आहे. सहा तारांची, उजव्या हाताची, स्ट्रॅटच्या आकाराची, काळी, पांढरी किंवा सनबर्स्ट: जाहिरात टाकली की फोन सुरू. सात तारांची, डावखुरी, व्ही आकाराची, हेडलेस, पोपटी हिरवी: महिनोन्‌महिने पडून राहते आणि शेवटी मिळेल त्या भावात जाते. तीच घ्यायची असेल तर ५० टक्क्यांच्या वर जाऊ नका. डावखुऱ्यांसाठी वाईट आणि चांगली बातमी एकच: निवड नाही, पण जे मिळतं ते स्वस्तात.

स्क्वायरच्या जाहिरातीत सगळेच "फेंडर स्क्वायर" लिहितात, त्याला भुलू नका. खालून वर क्रम असा: बुलेट (२०२३ पासून तिच्या जागी सॉनिक), अ‍ॅफिनिटी, क्लासिक व्हाइब. अ‍ॅफिनिटी आणि क्लासिक व्हाइबच्या भावात बरंच अंतर आहे, आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. हेडस्टॉकच्या मागचा सीरियल मागवा. 'आयसीएस' ने सुरू होत असेल तर इंडोनेशियातल्या कॉर-टेकच्या कारखान्यातली, पुढचे दोन आकडे वर्ष. क्लासिक व्हाइब २००८ पासून चीनमध्ये बनत होती, २०१९ पासून इंडोनेशियात. "चायनावाली जुनी म्हणजे भारी" असं ऐकवून कोणी तीन हजार जास्त मागत असेल तर देऊ नका.

विकताना जिचा भाव सगळ्यात कमी पडतो ती गिटार विचाराल तर मेक्सिकन फेंडर. तुमच्या बजेटच्या बाहेर आहे, पण पुढची पायरी तीच असणार म्हणून सांगतो. जुनी स्टँडर्ड मालिका २०१८ला बंद होऊन प्लेअर आली, २०२४ला प्लेअर २. मधल्या प्लेअरच्या गडद फिंगरबोर्डावर (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) पाओ फेरो लाकूड आहे, कारण जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या (रोझवुडच्या) सगळ्या जाती साइट्सच्या (CITES, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यात अडकल्या होत्या. नोव्हेंबर २०१९ला तयार वाद्यांना सूट मिळाली, आणि प्लेअर २ मध्ये रोझवुड परत आलं. वाजवताना मला फरक जाणवत नाही, पण घासाघीस करताना लोक हा मुद्दा काढतात. तुम्हीही काढा.

चौथा_फ्रेट

वरच्या सगळ्यात फ्रेट एका ओळीत उरकलेत. वापरलेल्या गिटारीत आधी फ्रेटच बघायचे. पिकअप, पॉट, ट्यूनर, सगळं त्यामानाने स्वस्तात बदलता येतं. नवे फ्रेट बसवायचे तर ३० हजारांच्या गिटारीचा पाव हिस्सा तिथेच जातो.

सोबत व्हर्निअर कॅलिपर, १५ सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) आणि कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) न्या. हे सगळं (कापो सोडून) नागदेवी स्ट्रीटला मिळतं, फार खर्च नाही.

कॅलिपरच्या मागच्या दांडीने फ्रेटची उंची मोजा, दोन तारांच्या मधून, फिंगरबोर्डापासून माथ्यापर्यंत. नव्या मीडियम जंबो फ्रेटला १.१ ते १.२ मिमी मिळेल. ०.९ म्हणजे अजून एक-दोनदा लेव्हल होईल. ०.६ च्या आसपास असेल तर बेंड करताना (तार बाजूला ओढताना) बोट लाकडाला घासतं आणि घासून काढायला धातूच उरलेला नसतो. तिथे नवे फ्रेट बसवायचा खर्च पूर्ण वजा करा, नाहीतर उठा.

मग खड्डे. पहिल्या तीन फ्रेटवर, पातळ तारांच्या खाली नखाने चाचपा. नख अडकलं की खड्डा आहे. एकाच फ्रेटवर ०.१ मिमीचा खड्डा असला तरी लेव्हल करताना बाकी सगळे फ्रेट त्याच पातळीला आणावे लागतात, म्हणून झीज नेहमी सर्वात खोल खड्ड्यावरून मोजायची. बी तारेवर बेंड करून आवाज मध्येच मरतो का, हे बाराव्यापासून वरपर्यंत प्रत्येक फ्रेटवर बघा.

नेकचा बाक: पहिल्या फ्रेटवर कापो, शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्यावर तार आणि फ्रेटच्या मधली फट. ०.२ ते ०.२५ मिमी ठीक. फट शून्य किंवा ०.५ च्या वर असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरतो का हे विचारूनच घ्या. तार सैल करून अष्टमांश फेरा दोन्ही बाजूंना फिरवून दाखवायला सांगा. रॉडचा नट जाम असेल, किंवा कितीही फिरवून फट बदलत नसेल, तर ती गिटार फुकटसुद्धा महाग. पिळलेला नेक म्हणजे एका बाजूला फट ०.२ आणि दुसऱ्या बाजूला ०.५. हे ट्रस रॉडने सुधारत नाही.

दिल्लीकडून किंवा सतत एसीत राहिलेली गिटार आली की फिंगरबोर्ड आक्रसून फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात. हात फिरवला की करवतीसारखं लागतं. घाबरायचं कारण नाही, बारीक कानशीने टोकं बसवता येतात, पण त्याचेही पैसे कापा.

सोल्डरवाला

फ्रेटनंतर मल्टिमीटर. अँप लागत नाही, मागचं झाकण उघडायची परवानगी लागत नाही, पाच मिनिटांचं काम.

केबलचं एक टोक गिटारीत, दुसऱ्या टोकाच्या जॅकवर मीटर: एक दांडी टोकावर, दुसरी बाहेरच्या नळीवर. रेंज २० के (किलो-ओहम). व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण वर. आता पिकअपचा स्विच एकेका जागी न्या. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइलला ५.५ ते ७ के, साध्या हंबकरला (दोन कॉइलचा पिकअप) ७.५ ते ९, सिरॅमिक चुंबकाच्या जोरदार हंबकरला १४-१६ पर्यंत. दोन सिंगल कॉइल एकत्र लागतात त्या जागांवर आकडा निम्मा, ३ के च्या आसपास. निम्मा आला नाही तर दोनपैकी एक पिकअप लागतच नाहीये.

मीटर ओपन (वाट तुटलेली, आकडाच नाही) दाखवत असेल तर रेंज वाढवा. २५० के किंवा ५०० के दिसलं तर तो आकडा व्हॉल्यूम पॉटचा. म्हणजे पॉटपर्यंत वायर शाबूत आहे आणि पलीकडे पिकअपची कॉइल तुटली आहे किंवा तिचा टाका सुटला आहे. सुटलेला टाका म्हणजे दहा मिनिटं आणि सोल्डर. तुटलेली कॉइल म्हणजे नवा पिकअप. विकणाऱ्याला यातलं कुठलं ते माहीत नसतं, म्हणून भाव नेहमी नव्या पिकअपचा कापायचा.

ईएमजीसारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपना ही चाचणी लागू नाही. तिथे ९ व्होल्टची बॅटरी काढून खणाच्या पत्र्या बघा. हिरवट-पांढरी पूड म्हणजे बॅटरी आत फुटलेली.

खरखरणारा पॉट कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा सुधारतो. सुधारला नाही तर लॅमिंग्टन रोडला पॉट मिळतात, पण दोन गोष्टी बघून घ्या. तिथे बऱ्याचदा 'बी' म्हणजे लिनिअर टेपरचे देतात, व्हॉल्यूमला 'ए' मागा, नाहीतर नॉबचा सगळा फरक एका टोकाला गोळा होतो. आणि आशियाई गिटारींना छिद्र ८ मिमीचं असतं. परदेशी मोठा सीटीएस पॉट मागवलात तर त्याला ९.५ मिमी लागतं. मग कोणीतरी ड्रिल घेऊन बसतो आणि पिकगार्ड तडकवतो.

गिरगाव_रिव्हर्ब

मुंबईत एक खास पाहणी: ब्रिज. खारी हवा आणि हाताचा घाम, दोन्ही मिळून सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) उंचीचे छोटे स्क्रू आधी खातात. फ्रेट निकेल सिल्व्हरचे, त्यांना गंज चढत नाही, फार तर काळपट-हिरवट होतात आणि घासले की चमकतात. पण हे डोकं नसलेले ग्रब स्क्रू लोखंडी. मेक्सिकन-अमेरिकन फेंडरला ०.०५० इंचाची अ‍ॅलन की लागते, स्क्वायरला बहुतेक १.५ मिमी. लोक हाताला लागेल ती की घालून फिरवतात, गंजलेला स्क्रू आतून गोल होतो आणि मग ती तार आयुष्यभर त्याच उंचीवर. बारा स्क्रूंपैकी प्रत्येक स्क्रू पाव फेरा हलतो का ते बघा. मागे इंटोनेशनचे (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर राहावा म्हणून सॅडल पुढे-मागे करणारे) लांब स्क्रूही तसेच. बाराव्या फ्रेटवरची हार्मोनिक आणि दाबलेली नोट ट्यूनरवर जुळत नसेल आणि स्क्रू जाम असेल तर ब्रिजची किंमत वजा.

बॅगेचा वास घ्या. बुरशीचा वास म्हणजे ती पावसाळाभर बंद बॅगेत पडून होती, आणि मग जॅक, स्विच, ट्यूनरचे गिअर, सगळीकडेच संशयाने बघायचं.

मधला_पिकअप

खूप उपयोगी. आरजी आणि लेस पॉलवर कोणी लिहील का? शिवाय आरजीसोबतचे डिमार्झिओ धरून ३० हजार जास्त वाटतात का?

चौथा_फ्रेट

आरजीपासून दूर राहा असं नाही, पण या कामासाठी ती घेऊ नका. ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग अर्धा स्वर उतरवायचं म्हटलं की डबल लॉकिंगवाला रडतो. एक तार तुटली की बाकी पाचही सुरातून जातात, कारण मागच्या स्प्रिंगांचा ताण तारांच्या ताणाशी तोललेला असतो.

तरी बघायला गेलातच तर: ट्रेमोलो ज्या दोन खांबांवर टेकतो तिथली सुरीसारखी धार बघा. स्वस्त लायसन्स्ड (परवान्यावर बनवलेल्या) ट्रेमोलोत ती मऊ धातूची असते, बोथट झाली की दांडी दाबून सोडल्यावर स्वर परत मूळ जागी येत नाही. चाचणी सोपी: सूर लावा, दांडी खाली दाबून सोडा, ट्यूनर बघा, मग वर ओढून सोडा, परत बघा. दोन्हीकडून वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर धार गेली. वरच्या टोकाला तारा आवळणाऱ्या नटवरचे आणि सॅडलमागचे अ‍ॅलन स्क्रूही फिरवून बघा, ३ मिमीची की बसते का गरगर फिरते.

पिकअपचं म्हणाल तर बदललेल्या पिकअपचे पैसे बाजार देत नाही. बहुतेक गिऱ्हाइकाला मूळ गिटार हवी असते. विकणाऱ्याला सांगा, मूळ पिकअप परत लावून द्या आणि डिमार्झिओ वेगळे विका, त्यात तुमचाच फायदा. मूळ पिकअप त्याने टाकून दिले असतील तर ही गिटारीची उणी बाजू आहे, अधिक नाही. विकायचा विचार असलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: काढलेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत जपा. बॉडीला नवीन छिद्र पाडू नका, रंग बदलू नका.

जुनी_तार

लेस पॉलच्या "बारीक रेषे"बद्दल. त्या डिझाइनमध्ये हेडस्टॉक मागे कललेला असतो, गिब्सनला १७ अंश. लाकूड बहुधा महोगनी, आणि नेमक्या त्याच जागी ट्रस रॉडच्या नटासाठी पोकळी कोरलेली. लाकडाचे धागे तिथे आडवे कापले जातात. गिटार स्टँडवरून मागे पडली की तिथेच मोडते. एपिफोनची गोष्ट वेगळी नाही.

रेष फक्त रंगात आहे की लाकडात, ते असं बघा: मोबाइलचा टॉर्च आडवा धरून रेष दोन्ही कडांपर्यंत जाते का, तारा टेकतात त्या नटाच्या मागून पुढच्या बाजूला दिसते का. मग तारा पूर्ण सैल करा, परत सुरात आणा. ताण आल्यावर रेष रुंदावली तर लाकूड चिरलंय. चीर ताजी आणि कोरडी असेल तर चांगल्या लाकडी गोंदाने, क्लॅम्प लावून केलेली दुरुस्ती पक्की होते. पण आधीच कोणी फेव्हिक्विकसारखा सुपरग्लू ओतला असेल तर पुढचा गोंद लाकडात शिरतच नाही.

वाजवायला हरकत नाही, विकायला आहे. नीट दुरुस्त झालेली असली तरी मी नेहमीच्या भावाच्या निम्म्याच्या वर धरणार नाही, कारण तुम्ही विकाल तेव्हा समोरचाही हेच म्हणेल. २८ तर अजिबात नाही.

ओव्हरड्राइव्ह_बंद

विषय निघालाच आहे तर नकली गिब्सनबद्दल दोन ओळी, कारण "गिब्सन लेस पॉल, ४० हजार, अर्जंट" अशा जाहिराती अधूनमधून उगवतात. ट्रस रॉडचं झाकण काढायला सांगा. गिब्सनला दोन स्क्रू, आत ५/१६ इंचाचा षटकोनी पितळी नट. झाकणाला तीन स्क्रू किंवा आत अ‍ॅलन कीचं भोक दिसलं की निघा. ब्रिजच्या खांबांवर मोठे खाचेचे स्क्रू, हा दुसरा संशय. सीरियल: जुलै २००५ पासून नऊ आकडी, त्याआधी १९७७ पासून आठ आकडी, बहुतेक वेळा पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष. नुसता आकडा बरोबर म्हणून गिटार खरी ठरत नाही, नकलीवर खरे आकडे छापतात. पण आकडा चुकीचा असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

फेंडरमध्ये खोटेपणा जास्त साधा: स्क्वायरचा नेक, वर फेंडरचं स्टिकर. जुन्या अ‍ॅफिनिटीची बॉडी फेंडरपेक्षा पातळ असते. फेंडर स्ट्रॅट कॅलिपरने ४४-४५ मिमी भरते. सीरियलच्या सुरुवातीला 'एमएक्स' आणि पुढचे दोन आकडे वर्ष, म्हणजे मेक्सिको, साधारण २०१० नंतरची. 'यूएस' आणि दोन आकडे, अमेरिकन. नेकचे चार स्क्रू खरवडलेले असतील तर नेक कधीतरी निघालाय, का निघाला ते विचारा.

मधला_पिकअप

पॅसिफिका बघितली. मोजमापं देतो, भाव तुम्ही सांगा.

फ्रेट बाराव्याला ०.९५, पहिल्या तीनवर ०.८५, दुसऱ्यावर बी आणि जी तारेखाली नख किंचित अडकतं. नेकची फट ०.३. ट्रस रॉड दोन्हीकडे फिरतो. ब्रिजचे दोन ग्रब स्क्रू जाम. मीटर: नेक आणि मधला पिकअप दोन्ही ६ के च्या आसपास. ब्रिजचा हंबकर ओपन. पण टोनचा नॉब वर ओढला की ४.२ के येतो! विकणारा म्हणतो, "तो असाच वाजतो, ओढून वाजवायचं". नवी सध्या ३३ हजारांना दिसतेय.

सोल्डरवाला

छान मोजलंत. ११२व्ही मध्ये टोनचा नॉब ओढला की हंबकरची एकच कॉइल चालू राहते, दुसरी ग्राउंडला जोडून बाद होते. एक कॉइल ४.२ देते म्हणजे ती ठणठणीत. नॉब खाली असताना दोन्ही कॉइल एकामागे एक लागतात आणि वाट दुसऱ्या कॉइलमधून ग्राउंडला जाते. तिथे ओपन, म्हणजे बिघाड दुसऱ्या कॉइलमध्ये किंवा तिच्या ग्राउंडच्या वायरीत. पॉटच्या पाठीवर जिथे सगळ्या ग्राउंडच्या वायरी एकत्र येतात तिथला टाका आधी बघा. ती जागा जाड धातूची, उष्णता लगेच ओढून घेते, म्हणून तिथला सोल्डर बऱ्याचदा नीट धरलेला नसतो आणि कालांतराने सुटतो. ४०-६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, थोडा फ्लक्स, तीन-चार सेकंद. २५ वॉटच्या आयर्नने तासभर भाजत बसलात तर पॉटच जाळाल.

टाका लावल्यावर ८.४ च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर कॉइल गेली.

जुनी_तार

३३चे ६५ टक्के, २१,४५०. वजा: ब्रिजचा नवा पिकअप बसवून ३,०००, हलकं लेव्हल आणि सेटअप ४,०००, ग्रब स्क्रू आणि तारा ७५०. म्हणजे १३,७००. फ्रेट आत्ताच लेव्हल करायची घाई नाही, ०.८५ अजून बरेच दिवस चालतील, त्यामुळे तिथे दीड-दोन हजार सोडून द्या. मी १५ला सुरुवात करून १६,५०० ला थांबलो असतो. टाकाच सुटलेला निघाला तर तीन हजार तुमचे.

नेकची फट ०.३ म्हणजे पाव फेऱ्याचं काम, त्याचे पैसे कापू नका, उगाच विकणारा चिडतो.

गिरगाव_रिव्हर्ब

जाम स्क्रूंवर गिटारीवरच तेल फवारू नका, ते लाकडात आणि पिकअपात जातं. सॅडल काढून, बाटलीच्या झाकणात भेदक तेलात रात्रभर ठेवा. तरी नाही सुटले तर कापून काढा. आशियाई ब्रिजला बहुतेक एम३ चे ग्रब स्क्रू चालतात, नागदेवीला स्टेनलेसचे मागा. जुना स्क्रू सोबत न्या आणि तिथेच सॅडलमध्ये फिरवून बघा.

ओव्हरड्राइव्ह_बंद

व्यवहाराचं कोणी बोललं नाही. स्टेशनवर उभ्या-उभ्या गिटार घेऊ नका, फलाटावर फ्रेटचा बझ ऐकू येत नाही. विकणाऱ्याच्या घरी अँप असेल तर तिथे, नाहीतर दोघांना सोयीचा जॅमपॅड (भाड्याची सरावाची खोली) तासाभरासाठी घ्या, भाडं निम्मं-निम्मं. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, क्युआर पाठवतो, टोकन टाका" हा प्रकार अजून चालू आहे. विकताना तर जास्तच: पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी "स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणाला की ब्लॉक करा. सीरियलचा फोटो, विकणाऱ्याचं नाव, रक्कम आणि तारीख एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये लिहून घ्या, मूळ बिल असेल तर तेही. चोरीचा माल निघाला तर हाच आधार.

बासुरीवाला_नाही

वाचनखूण साठवली. एक शंका: पुण्याहून कुरिअरने मागवायची असेल तर पॅकिंग कसं करून घ्यावं? विकणारा म्हणतो बॅगेत घालून पाठवतो.

चौथा_फ्रेट

नुसत्या बॅगेत अजिबात नाही. बोल्ट-ऑन (स्क्रूने बसवलेला) नेक असेल तर विकणाऱ्याला नेक काढून पाठवायला सांगा: तारा आधी पूर्ण सैल, चार स्क्रू पिशवीत, पिशवी बॉडीला चिकटवलेली. खोका लहान होतो आणि नेकवर आडवा जोर येत नाही. नेक चिकटवलेला असेल तर तारा दोन-तीन स्वर उतरवायच्या. ट्रेमोलोची दांडी काढून वेगळी. तारा आणि फ्रेटच्या मध्ये पुठ्ठ्याची पट्टी, पिकअपवर जाड कागद. हेडस्टॉकच्या मागे, खाली आणि दोन्ही बाजूंना फोम किंवा कापड ठासून भरायचं. तो खोक्यात अधांतरी राहिला की खोका उभा आपटताना सगळा धक्का तिथेच बसतो. गिटार बॅगेत, बॅग खोक्यात, खोका हलवला तर आतून आवाज येता कामा नये. बंद करण्याआधी प्रत्येक थराचा फोटो मागा आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, कारण विम्याचा दावा करायची वेळ आली तर कुरिअरवाला आधी तोच मागतो.